न्या. रानडे यांचा भूमिविचार आणि मावळचे कागद

कै. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. मराठ्यांचें राज्य म्हणजे सह्याद्रीच्या रानांत अकस्मात् पेटलेला वणवा, ह्या ग्रँट डफच्या मताचें त्यांतील खंडन आजहि वाचनीय आहे. तथापि ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणांतील भूमिविचार आम्हांस अपुरा वाटतो. थोरांच्या ग्रंथांतील उणें दाखविणें हा त्यांचा अनादर नव्हे, ह्या समजुतीनें तो येथें परीक्षणास घेतला आहे.

न्यायमूर्ति प्रथम डोंगरांच्या रांगा, खडकाळ जमीन, हवा व किल्ले यांचें वर्णन करितात. लोकांची घडण, ग्रामसंस्था व धर्म हे विषय त्यामागून येतात. केवळ भूगोलावर त्यांनीं भिस्त ठेविली नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु भूमि हें आधींच सिद्ध असलेलें पात्र आणि समाज हा त्यांत मागाहून ओतलेला रस, असा ग्रह ह्या क्रमानें वाचकाचा होतो. कागद निराळें सांगतात.

रोहिडखोऱ्याचें उदाहरण घ्यावें. कारीचे जेधे व उत्रवळीचे खोपडे हे एकाच खोऱ्यांतले, आणि देशमुखीपायीं परस्परांचे वैरी. डोंगर तोच, पाऊस तोच, नाचणी तीच. असें असतां १६५९ सालीं अफजलखान चालून आला तेव्हां खंडोजी खोपडे खानास मिळाले, आणि कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांपाशीं राहिले. कणखर भूमीनें स्वराज्याचीं माणसें घडविलीं असें म्हटलें, तर हा भेद उलगडत नाहीं. वतनाचा तंटा ध्यानांत घेतला म्हणजे उलगडूं लागतो. जेधे शकावली व करीना न्यायमूर्तींच्या निधनानंतर उजेडांत आलीं, एवढें त्यांच्या बाजूनें सांगणें अवश्य आहे.

भूमीचा प्रभाव आम्ही नाकारीत नाहीं. अरुंद खोरीं, अवघड वाटा आणि थोडका वसूल, अशा मुलुखांत विजापूरच्या सत्तेस देशमुखावांचून गत्यंतर नव्हतें. परंतु त्याच देशमुखानें पुढें कौल देऊन कुळें वसविलीं, पडीत जमीन इस्ताव्यानें लागवडीस आणविली. हिरडस मावळ बांदलांचें, गुंजण मावळ शिळिमकरांचें, मोसें खोरें पासलकरांचें, अशी ओळख पडली. खोरें नदीनें कोरलें, त्याचा तर्फ माणसांनीं केला. शिवेचा तंटा पडला म्हणजे ओढा, झाड, धोंडा यांच्या खुणा पाहात. गोताच्या समक्ष कोणी शपथपूर्वक शीव चालून दाखवी, आणि मग ती महजरांत उतरे. थळझाड्यांत तर निर्वंश झालेल्या मिरासदारांचीं नांवेंहि त्यांच्या थळांस चिकटून राहिलेलीं दिसतात. गतकुळीची ती जमीन म्हणजे गेलेल्या समाजाची वहीच होय.

दुर्दैवानें आमचे संग्राहक मोर्तबाचीं पत्रें जिवापाड जपतात आणि थळझाडे व शिवेचे महजर रद्दींत जाऊं देतात. मोसें खोऱ्याचा मोठा भाग आज वरसगांव धरणाच्या पाण्याखालीं आहे. त्या जलाशयास वीर बाजी पासलकरांचें नांव दिलें आहे, हें योग्यच झालें. परंतु बुडालेल्या शिवेवरचा धोंडा आतां साक्षीस येणार नाहीं. ती साक्ष कोणाच्या दप्तरांत उरली असेल, तर तिची नक्कल आधीं करून ठेवावी, एवढीच वाचकांस विनंति आहे.