सूचनीय रोगांची यादी आणि न ओळखलेला रोगी : मँगॅनीज विषबाधेच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजशब्द : व्यवसायजन्य रोग, मँगॅनीज, सूचनीय रोग, नुकसानभरपाई, विदर्भ.

प्रस्तावना :
रोगाचे नाव कायद्यात असणे आणि तो रोग दवाखान्यात ओळखला जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा, मँगॅनीज व आर्सेनिक यांची विषबाधा सूचनीय रोगांत समाविष्ट होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही हे रोग सूचनीय मानले आहेत. नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग ही मँगॅनीजची क्षेत्रे लक्षात घेता या तरतुदीचे परीक्षण येथे औचित्यपूर्ण ठरते.

निदानातील अडचण :
खनिज दळणाऱ्या कामगारांतील मँगॅनीज विषबाधेचे वर्णन ग्लासगो येथील जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच केले होते. पायांतील अशक्तपणा, पुढे झुकलेली चाल, क्षीण आवाज व भावशून्य चेहरा ही ती लक्षणे. ती कंपवाताशी मिळतीजुळती आहेत. मात्र लिव्होडोपाचा येथे फारसा वा टिकाऊ उपयोग होत नाही. रोगी मागे चालताना तोल गमावतो आणि चवड्यांवर चालू लागतो. त्याआधी चिडचिड, निद्रानाश, विनाकारण हसणे-रडणे दिसू शकते व घरचे लोक त्यास स्वभावदोष मानतात. शिशाच्या बाबतीत रक्ततपासणी बरीच निर्णायक असते. मँगॅनीजचे रक्तातील प्रमाण मुख्यत्वे अलीकडचा संपर्क दर्शविते. एमआरआयमधील खुणाही संपर्क थांबल्यावर काही महिन्यांत पुसट होतात. रोग मात्र काम सुटल्यावरही वाढू शकतो. म्हणजेच उशिरा आलेल्या रोग्याजवळ प्रयोगशाळेचा पुरावा बहुधा उरत नाही. उरतो तो केवळ त्याच्या कामाचा इतिहास.

तरतुदीची चिकित्सा :
कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ ची भाषा या दृष्टीने मननीय आहे. कामगारास असा रोग आहे असे वैद्यकास 'वाटले' तरी त्याने मुख्य निरीक्षकास कळविणे बंधनकारक होते. पूर्वी कारखान्यात काम केलेली व्यक्तीही त्या शब्दरचनेत येत होती. कायद्याने सिद्धता मागितली नव्हती, रास्त संशय मागितला होता. परंतु व्यवसाय विचारल्यावाचून संशय येणार कसा? रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच रोग्यास त्याचा धंदा विचारावा असे सांगितले होते. केसपेपरवर 'मजुरी' एवढीच नोंद झाली, तर यादी कितीही परिपूर्ण असली तरी ती निरर्थक ठरते.

दुसरा दोष भरपाईच्या कायद्यात होता. १९२३ च्या अधिनियमात बहुतेक धातुजन्य रोगांसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांची सेवा आवश्यक होती व त्याच प्रकारच्या कामातील अन्य मालकाकडील सेवा त्यात धरली जात नसे. धातू शरीरात वर्षानुवर्षे साठत असताना कंत्राटदार बदलताच सेवा शून्यापासून मोजणारी ही अट रोगाच्या स्वरूपाशी विसंगत होती.

निष्कर्ष :
यादी वाढविण्यापेक्षा ती दवाखान्यापर्यंत पोहोचविणे अधिक निकडीचे आहे. केसपेपरवर कामाचे स्वरूप, हाताळलेला पदार्थ, एकूण वर्षे व सर्व मालकांची नावे यांसाठी रकाने असावेत. कामगारास आरोग्य तपासणीची प्रत मिळावी. आणि संशयाच्या पायरीवरच सूचना पाठविण्याचे शिक्षण वैद्यकीय अभ्यासक्रमात दिले जावे. नोंद न झालेल्या रोग्यास औषधोपचार कदाचित मिळेलही. न्याय मात्र मिळत नाही, आणि त्याच्या जागेवर दुसरा कामगार त्याच धुळीत उभा राहतो.