पिशवीतले मैदान : एका उपमेची चिकित्सा

पाचगणीच्या एका शाळेत गेलो असता तेथील भित्तिपत्रकाने आमचे लक्ष वेधून घेतले. २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटींवरील संशोधनाबद्दल मिळाले. त्यासंबंधीची कात्रणे आणि मुलांनी काढलेली चित्रे तेथे लावलेली होती. मधोमध एक पिशवी, तिच्या तोंडातून डोकावणारे फुटबॉलचे मैदान आणि खाली ठळक अक्षरांत 'चमत्कारी स्पंज'. चित्र सुरेख होते. पण कडेला कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते, 'मैदानाची घडी कशी घालतात?'

या प्रश्नाचे उत्तर भित्तिपत्रकात नव्हते आणि आम्ही वाचलेल्या बातम्यांतही नव्हते. दोष मुलांचा नाही, त्यांच्या शिक्षकांचाही नाही. हॅरी पॉटरच्या गोष्टीतील हर्मायनीच्या जादूच्या पिशवीची उपमा खुद्द नोबेल समितीच्या वतीनेच देण्यात आली होती. दोनेक ग्रॅम पदार्थात फुटबॉलच्या मैदानाएवढे क्षेत्रफळ असते, हे वाक्यही तेथूनच आले. उपमा वाईट नाही. बाहेरून लहान आणि आतून मोठी, एवढे ती बरोबर सांगते. परंतु विज्ञानातील उपमा कोठपर्यंत चालते आणि कोठे थांबते हे सांगितले नाही, तर मूल जादूपाशीच थांबते. म्हणून या उपमेची थोडी चिकित्सा करू.

पहिली गोष्ट मैदानाची. येथे क्षेत्रफळ आणि घनफळ यांची गल्लत होते. फळ्यावर एक गणित मांडावे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १००० घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. बाजू दहापट लहान केली की पृष्ठफळ दहापट वाढते, घनफळ मात्र तेवढेच राहते. असे करीत एक नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत गेलो, तर उत्तर ६००० चौरस मीटर येते. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असे फुटबॉलचे मैदान ७१४० चौरस मीटरचे असते. म्हणजे पिशवीत मैदान कोणी कोंबलेले नाही. पदार्थच इतका पातळ भिंतींचा आहे, की जवळजवळ सगळा पदार्थ पृष्ठभागच झाला आहे. वायूचे रेणू या भिंतींना चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. सातवीचा विद्यार्थी करू शकेल एवढे हे गणित सोपे आहे, आणि ते केल्यावर आश्चर्य कमी होत नाही, वाढते.

दुसरी गोष्ट स्पंजाची. पाचगणीच्या शिक्षकांना यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. टेबल लँडवरचा जांभा हातात घ्यावा. त्यालाही भोके असतात, पण एक भोक दुसऱ्यासारखे नसते. मूळच्या बेसाल्टमधील सिलिका पावसाने युगानुयुगे धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्या घडामोडीत ही भोके जशी पडली तशी पडली. स्पंजाचेही तसेच. याउलट सह्याद्रीच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात. ही झिओलाइट कुळातील खनिजे. यांची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत; ती रेणूंच्या मापाची असतात, आणि त्यांची रचना स्फटिकभर त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येते. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असे खनिज तापविले, तेव्हा त्यातून वाफ उसळली. त्यावरून त्याने 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे नाव दिले. नव्या चौकटींचे खरे पूर्वज हे, स्पंज नव्हे. फरक एवढाच, की झिओलाइटची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची, तर नव्या चौकटींत धातूचे अणू कोपऱ्याचे खांब होतात आणि कार्बनी रेणू तुळया. तुळई लांब घेतली की खोली मोठी होते. छिद्राचे माप आधी ठरवून पदार्थ बांधता येतो, हे या संशोधनाचे मर्म आहे, आणि 'स्पंज' या शब्दात नेमके तेच हरवते.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत गंभीर गोष्ट 'चमत्कारी' या विशेषणाची. चमत्काराला इतिहास नसतो आणि अपयशही नसते. या पदार्थांना दोन्ही आहेत. रॉबसन यांनी १९८९ मध्ये तांब्याचे आयन वापरून पहिली प्रशस्त चौकट रचली. पण अशा सुरुवातीच्या रचना डळमळीत होत्या, सहज कोसळत. याघी यांची १९९९ सालची एमओएफ-५ ही चौकट रिकामी असताना ३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकली, परंतु दमट हवेत ती बिघडते. पाचगणीचा पावसाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उकळते पाणी व तीव्र आम्ल सोसणाऱ्या, धातूविरहित सेंद्रिय चौकटी तयार केल्या. त्यांचे महत्त्व आकारात नव्हते, टिकाऊपणात होते. कॅलगरी विद्यापीठातील कॅल्फ-२० ही जस्ताची चौकटही पाण्याची वाफ असताना कार्बन डायऑक्साइड पकडते म्हणूनच सिमेंट कारखान्याच्या धुरावर तपासली गेली. बातम्यांत मैदान येते. दमटपणा येत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत गावोगावच्या रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी संयंत्रे बसली. त्यांच्या टाक्यांत कृत्रिम झिओलाइटचे दाणे असतात. नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे रेणू आकाराने जवळजवळ सारखे, त्यामुळे येथे चाळणीची उपमाही पुरत नाही. झिओलाइटमधील सोडियम किंवा लिथियमचे आयन नायट्रोजनला अधिक जोराने धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. त्या मे महिन्यात आपल्या देशाला झिओलाइट रोमहून विमानाने आणावा लागला. ज्या डोंगरांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात, त्या सह्याद्रीच्या लोकांनी या गोष्टीचा विचार करायला हवा. खनिज हाताशी असणे वेगळे आणि हव्या त्या छिद्राचा, हव्या त्या आयनाचा पदार्थ हजारो किलोंनी बनविता येणे वेगळे. पदार्थविज्ञान म्हणजे ही दुसरी गोष्ट. जादूची पिशवी पाहून वाढलेल्या मुलाला हा फरक कसा कळावा?

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे. ते चित्र काढून टाकू नका. त्याखाली तीन प्रश्न लिहा : हा पदार्थ दमट हवेत किती दिवस टिकतो? तो ग्रॅमने बनतो की टनाने? आत गेलेला वायू बाहेर काढायला किती उष्णता लागते? पुढे कोणत्याही नव्या पदार्थाची बातमी आली, की मुलांनी हेच प्रश्न आधी विचारावेत. सगळ्यांची उत्तरे लगेच मिळणार नाहीत. न मिळाली, तर तशी नोंद करावी.

आणि पेन्सिलीने लिहिलेला तो प्रश्न कोणी पुसू नये. संपूर्ण भित्तिपत्रकात विज्ञानाची सुरुवात झाली होती ती तेथेच.