न दिसणारा चेहरा

वाशीम असो की कारंजा, आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबे ‘टेन कमांडमेंट्स’ आणि ‘बेन-हर’ हे चित्रपट आता घरबसल्या, कधी फोनवरही पाहू शकतात. मग मोठ्या पडद्याचा आग्रह कशासाठी? ‘भव्यतेसाठी’ हे नेहमीचे उत्तर आम्हांला अपुरे वाटते.

सेसिल डिमिल यांच्या ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये (१९५६) तांबडा समुद्र दुभंगतो. टाकीत ओतलेल्या पाण्याचे चित्रण उलटे फिरवून साधलेला तो चमत्कार आजही थक्क करतो. परंतु डिमिल यांचा निवेदनाचा आवाज वेळोवेळी अर्थ सांगत राहतो. प्रेक्षकाने शोधावे असे फारसे उरत नाही.

विल्यम वायलर यांच्या ‘बेन-हर’ची (१९५९) कीर्ती ११ ऑस्कर पारितोषिकांची आणि रथांच्या शर्यतीची. आमच्या मते त्याचा प्राण नासरेथच्या विहिरीपाशी आहे. तहानेने कोसळलेल्या कैद्याला कुणीतरी पाणी पाजतो. शिपाई दरडावत येतो, त्या माणसाकडे पाहतो आणि वरमतो. आपल्याला प्रभूचे हात दिसतात, पाठ दिसते. चेहरा संपूर्ण चित्रपटात दिसत नाही. तो आपण शिपायाच्या मुद्रेवर वाचायचा असतो.

इथेच पडद्याचा आकार निर्णायक ठरतो. या चित्रपटाची मूळ चौकट उंचीच्या पावणेतीनपट रुंद आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा भरण्यासाठी तिचा निम्म्याहून अधिक भाग कापावा लागे. आजच्या फोनवर ती पूर्ण मावते, पण शिपायाचा चेहरा नखाएवढा होतो. मग आपण शर्यतीचीच वाट पाहत बसतो. भिंतीएवढ्या पडद्यावर मात्र त्याची पापणी लवली तरी जाणवते.

पडद्यावर जे नाही ते प्रेक्षकाने मनात पाहावे, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळके मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्या ध्यासातून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या पवित्र आठवड्यात धर्मग्रामाच्या सभागृहात पांढरी चादर ताणावी, दिवे मालवावेत, फोन बंद ठेवावेत आणि साडेतीन तास सर्वांनी एकत्र बसावे. शर्यत मुलांना आवडेलच. विहिरीपाशी मात्र सभागृह शांत होते की नाही, तेवढे पाहावे.