‘कल्याण’ आणि ‘हमी’ : रोजगार हमी अधिनियमाच्या शब्दयोजनेची चिकित्सा

राज्यसंस्थेने नागरिकाच्या उपजीविकेची जबाबदारी पत्करली, की त्या जबाबदारीस कोणते नाव द्यावयाचे हा प्रश्न उभा राहतो. तो केवळ कोशकाराचा प्रश्न नव्हे. दात्याचे दान आणि ऋणकोचे देणे यांतील भेद बहुधा नावातच प्रथम प्रकट होतो.

ब्रिटनमध्ये बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालाने वर्गणीदाराचा लाभ हा हक्क मानला. अ‍ॅटली मंत्रिमंडळाने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. १९५१ मध्ये सत्तेवर परतलेल्या हुजूरपक्षाने ही इमारत पाडली नाही. बट्लर व गेट्स्केल या दोन पक्षांच्या अर्थमंत्र्यांची नावे सांधून १९५४ मध्ये घडविलेला ‘बट्स्केलिझम’ हा शब्द म्हणजे त्या मतैक्यावरील उपरोधिक शिक्काच होय.

महाराष्ट्रातील मतैक्य निराळ्या शब्दाभोवती जमले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात जो प्रयोग झाला, त्यास १९७२ च्या दुष्काळाने राज्यव्यापी रूप दिले. रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ पासून शहरी नोकरदारांवर व्यवसायकर बसला होता. मजुरास काम, बागायतदारास बंधारे, शहरास स्थलांतराला आळा : प्रत्येकाने ‘हमी’त आपापला अर्थ वाचला. एकमताचे हे एक रहस्य म्हणावे लागेल.

‘कल्याण’ हा शब्द आशीर्वादाच्या भाषेतला आहे. तो वरून खाली येतो आणि देणाऱ्यास बांधीत नाही. ‘हमी’ हा देवघेवीचा शब्द. कर्जदार चुकला तर हमीदाराने रक्कम भरावयाची, हा त्याचा गाभा. म्हणूनच अधिनियमाची खरी कसोटी कामात नसून काम न मिळाल्यास द्यावयाच्या भत्त्यात आहे. पंधरा दिवसांत काम न दिल्यास दररोज किमान एक रुपया, असे मूळ कायद्याने ठरविले. शब्द सावकाराच्या पेढीवरचा आणि रक्कम मात्र नाममात्र, ही विसंगती टीकाकाराने नोंदविणे प्राप्त आहे.

भंडारा जिल्ह्यात या विचारास आणखी एक उदाहरण लाभते. मालगुजारी १९५० च्या मध्यप्रांतीय कायद्याने संपली आणि गावोगावचे तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी’ या कार्यालयीन नावाच्या आद्याक्षरांतून ‘मामा तलाव’ हे आप्तपणाचे नाव रूढ झाले. परंतु हे नाव पूर्वीचा धनी कोण ते सांगते. पाळ फुटल्यास आज उत्तरदायी कोण, ते सांगत नाही. शासकीय मराठीतील ‘करण्यात येईल’ ही रचनाही तशीच : क्रिया आहे, कर्ता नाही.

मजुरास शब्दाशी काय कर्तव्य, असा आक्षेप येईल. परंतु अर्जाची पोच हाती नसेल, तर पंधरा दिवस केव्हापासून मोजावयाचे? ती पोच देणाऱ्याचे नाव व दिनांक ज्या वाक्यात आहे, तेवढेच वाक्य हमीचे. उरलेले सर्व कल्याणाचे.