‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ : एका संज्ञेची चिकित्सा

एखादी संज्ञा रूढ झाली की तिने सुचविलेली कारणमीमांसाही आपण नकळत स्वीकारतो. मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांनी २००० साली ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ ही संज्ञा प्रचारात आणली. तीवरून एका संकेतस्थळाने दुसऱ्यावर केलेले अतिक्रमण असा बोध होतो. वेबमेलच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

वेबमेलमध्ये परक्याचे पत्र आणि ते दाखविणारे पान ही दोन्ही एचटीएमएल या एकाच भाषेत असतात. पत्र हे त्या पानातील अवतरण होय. अवतरणाची मर्यादा सुटली म्हणजे पत्रातील जावास्क्रिप्ट पानाचीच आज्ञा ठरते व वाचकाच्या अधिकाराने चालते. दोष आहे तो अवतरणाचा.

यावर पत्रातील घातक पदे आधीच गाळणारी चाळणी योजतात. तिची मर्यादा राउंडक्यूब या वेबमेलमधील, मे २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या एका दोषावरून कळते. चित्रास चलन देणाऱ्या घटकात ‘एचरेफ’ या गुणाचा निर्देश आला तर चाळणी तो गाळीत असे. मात्र त्या नावास एक मोकळी जागा जोडली की ते निराळे पद समजून ती सोडून देई. ब्राउझर ती जागा वगळून मूळ पदच वाची. मोडी लिहिणारा शब्द सलग लिहीत असे व पदच्छेद वाचणाऱ्याने करावयाचा असे. येथे एकाच लेखाचे दोन वाचक, आणि दोघांचे पदच्छेद भिन्न. जून २०२४ मध्ये सोव्हिएत संघातून निघालेल्या राष्ट्रांच्या राष्ट्रकुलातील एका शासकीय संस्थेस असे पत्र गेले. दिसावयास ते कोरे होते. परंतु खोटा प्रवेश-अर्ज दाखवून परवलीचा शब्द हरण करण्याची योजना त्यात होती.

चाळणी अधिक बारीक करावी, असे यावर सुचविले जाते. ते अनावश्यक नाही, पण अपुरे आहे. शुद्ध ठरलेला पाठही ब्राउझरच्या पुनर्लेखनात पालटून घातक होऊ शकतो, हे २०१३ मध्येच संशोधकांनी दाखविले होते. चाळणीचे व्याकरण ब्राउझरच्या व्याकरणाशी पूर्णतः जुळेल, याची हमी कोण देणार? म्हणून पत्रास आज्ञेचा अधिकारच नाकारणे हा अधिक मूलगामी उपाय होय. ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ या व्यवस्थेत कोणत्या आज्ञा पाळावयाच्या हे सर्व्हर ब्राउझरला आधीच सांगतो. पानातच जागोजाग आज्ञा विखुरलेल्या जुन्या प्रणालींत ती लागू करणे कष्टाचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

संज्ञेचा हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, असा उपदेश कार्यालयांतून केला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेल्या राउंडक्यूबच्याच दुसऱ्या दोषात पत्र नुसते पाहणे पुरेसे होते. पत्र वाचणे हा वाचकाचा अपराध ठरू शकत नाही. अवतरण अवतरणच राखण्याचे उत्तरदायित्व प्रणाली रचणाऱ्यांकडेच जाते.