कुलवृत्तान्त : आडनावाचा की गावाचा?

कुलवृत्तान्त हा मराठीतील एक विपुल, परंतु समीक्षेच्या दृष्टीने जवळजवळ अस्पर्श राहिलेला ग्रंथप्रकार होय. आपटे, गोखले, पेंडसे यांसारख्या घराण्यांचे जे जाडजूड ग्रंथ विसाव्या शतकात सिद्ध झाले, ते सर्वसाधारण वाचक आपल्या शाखेचे पान पाहण्यापुरते उघडतो. इतिहाससंशोधक त्यांतून एखादी सनद किंवा मिती उचलतो आणि ग्रंथ मिटतो. भाषेच्या अभ्यासकाने तर त्यांकडे क्वचितच वळून पाहिले आहे. त्यामुळे हे ग्रंथ कोणत्या तत्त्वावर रचले जातात आणि ते तत्त्व टिकण्यासारखे आहे काय, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

या ग्रंथांमागील परिश्रम मोठे आहेत, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. एका आडनावाची मंडळी एकत्र येऊन मंडळ स्थापन करतात. छापील पत्रके गावोगाव पाठवितात. जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांच्या स्वाक्षऱ्या उतरवून आणतात. हे काम बहुधा सेवानिवृत्त गृहस्थ विनामूल्य करतात. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मध्ये झाली आणि कागदपत्रे जपण्याची जी दृष्टी वि. का. राजवाडे यांच्या पिढीने दिली, तिचाच हा घरगुती विस्तार आहे. दोष परिश्रमांत नाही. तो ‘एक आडनाव म्हणजे एक कुल’ या गृहीतात आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, कुलवृत्तान्ताचे काम आडनावाच्या मंडळाने न करता गावाच्या किंवा तालुक्याच्या मंडळाने करावयास हवे. याला कारणे आहेत ती मुख्यतः भाषेची.

प्रथम आडनावच घ्यावे. ‘-कर’ प्रत्ययान्त आडनाव गाव दाखविते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते कोठे चिकटते याचा विचार होत नाही. चिपळुणात राहणाऱ्यास कोणी चिपळूणकर म्हणत नाही. तेथे सगळेच चिपळूणचे. तो पुण्यास आला म्हणजे चिपळूणकर होतो. अर्थात् हे आडनाव कुलाचे नसून स्थलांतराचे आहे, आणि ते देणारे लोक नव्या गावचे आहेत. एकाच गावाहून निघालेली, एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नसलेली दोन कुटुंबे एकच आडनाव घेऊन बसतात. जातिधर्माचाही येथे अडसर नाही. बेने इस्रायल समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हे कोकणातील किहीम गावाचेच नाव मिरवितात.

याच्या उलट, एकच कुल अनेक आडनावांनी वावरते. नाना फडणवीस हे मूळचे भानू. ‘फडणवीस’ हे ‘फर्द’ या फारशीमार्गे आलेल्या शब्दापासून बनलेले अधिकारपद आहे. रास्ते मूळचे गोखले. तंजावरकडे गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांत ‘राव’ एवढेच उरले आणि आडनाव मागे पडले. आडनावाच्या मंडळाचे पत्रक त्यांच्यापर्यंत कोणत्या पत्त्यावर पोहोचणार?

ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात आडनावाची व्युत्पत्ती देण्याची प्रथा आहे, आणि ती बहुधा कथारूप असते. घोरपड्यांची घोरपड गड चढते. गायकवाडांचा पूर्वज गाईंना कवाडाआड घेऊन वाचवितो. शब्दाचे जेथे तुकडे पडतात तेथे कथेचे प्रसंग पडतात, एवढ्यावरूनच शब्द आधी आणि कथा नंतर हे उघड व्हावे. राजवाड्यांसारख्या पुराव्याच्या आग्रही संशोधकालाही व्युत्पत्तीचा मोह आवरला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या नामादिशब्दव्युत्पत्तिकोशातील पुष्कळ व्युत्पत्ती आज स्वीकारल्या जात नाहीत. मग मंडळाच्या हौशी संपादकास काय बोल लावावा? तथापि, कथा लोककथा म्हणून नोंदविणे वेगळे आणि तिच्या आधारे मूळपुरुष ठरविणे वेगळे. घराण्याने स्वतःचा वृत्तान्त लिहविला की तो स्तुतीकडे झुकतोच. सरफोजी राजांच्या काळी, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. ती या जातीच्या लेखनाची सर्वांत भव्य वास्तू म्हणावी लागेल, आणि तिचा कल कोणत्या बाजूस आहे हे सांगावयास नको.

व्यक्तिनामांच्या बाबतीत संपादकाचा हात अधिक घातक ठरतो. जुन्या कागदांत नारो, मोरो, विसाजी, महादाजी अशी नावे येतात. छापताना त्यांचे नारायण, मोरेश्वर, विश्वनाथ, महादेव होतात. ‘शुद्ध’ रूप दिल्याचे समाधान संपादकास लाभते. परंतु माणूस ज्या नावाने दस्तावर उभा राहिला ते नाव नाहीसे होते. पहिल्या बाजीरावाच्या नावात वडिलांचे नाव ‘बल्लाळ’ असे येते, तर वडील स्वतः बाळाजी. एकच नाव स्वतःच्या जागी एका रूपात आणि पित्याच्या जागी दुसऱ्या रूपात वापरण्याचा हा प्रकार भाषाभ्यासकास अत्यंत उद्बोधक आहे. शुद्धीकरणाच्या झपाट्यात अशी रूपे एकसारखी केली, तर हा पुरावा कायमचा गेला. शिवाय आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्याने बाळाजी, बाजीराव, पुन्हा बाळाजी अशी आवर्तने पडतात. त्यांत दोन माणसे एक करणे किंवा एकाची दोन करणे सहज घडते, आणि अशा वेळी नारो की नारायण एवढा फरकही निर्णायक ठरू शकतो.

मोडी कागदांचे लिप्यंतर करताना एक भेद पाळावयास हवा, तो बहुधा पाळला जात नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद लिपीतच नाही. तेव्हा ते प्रमाण लेखनानुसार छापले म्हणून फारसे बिघडत नाही. परंतु ‘न’ आणि ‘ण’, ‘स’ आणि ‘श’ यांची अदलाबदल ही लिपीची नव्हे, लिहिणाऱ्याच्या उच्चाराची साक्ष असू शकते. तीही त्याच ओघात दुरुस्त होते. ‘बिन’, ‘वलद’ हे पितृत्वदर्शक आणि ‘कोम’, ‘जवजे’, ‘भ्रतार’ हे स्त्रीस तिच्या नवऱ्याशी जोडणारे शब्द काढून त्या जागी ‘यांचे पुत्र’, ‘यांची पत्नी’ असे घालण्यात येते. वस्तुतः कोणत्या प्रांतातील, कोणत्या काळातील, कोणत्या जातीचा लेखक यांपैकी कोणता शब्द वापरतो, हाच संशोधनाचा विषय आहे.

कालगणनेतील चुकीचे परिणाम तर प्रत्यक्ष वंशवृक्षावर होतात. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘सन सबा सबैन मया अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार. एकूण ११७७, आणि ५९९ मिळविले असता इसवी १७७६-७७. हा सन मृगारंभी सुरू होत असल्यामुळे जानेवारीनंतरच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर. फाटक्या कागदावर यांपैकी एकच शब्द उरला असेल आणि तो दुसऱ्यासारखा वाचला, तर ‘सबा मया अलफ’ हे १७०६-०७ आणि ‘सबैन मया अलफ’ हे १७६९-७० यांत त्रेसष्ट वर्षांचे अंतर पडते. दोन पिढ्या त्यात सहज मावतात. नातवाचे इनाम आजोबांच्या नावे लागते, किंवा रिकामी जागा भरण्यासाठी एक ‘अज्ञात’ पुरुष वृक्षात घातला जातो. त्याच गावातील इतर घराण्यांचे कागद शेजारी असते, तर त्याच कुलकर्ण्याच्या हातचा, त्याच पाटलाच्या निशाणी नांगराचा दुसरा दस्त पाहून ही चूक क्षणात उमगली असती. महजरावर साक्षीस सारे गाव असते. पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार एकाच कागदावर भेटतात. आडनावाचे मंडळ त्यातून आपले एक नाव उचलते आणि बाकीचा कागद सोडून देते.

परंतु आडनावाच्या तत्त्वाने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो स्त्रियांवर. हे केवळ भावनेने म्हटलेले नाही. संशोधनाच्या दृष्टीनेही ते खरे आहे. वंशवृक्षात पुरुषांचीच नावे असतात. माहितीच्या भागात पत्नीचे सासरचे नाव, कंसात माहेरचे, तिच्या वडिलांचे नाव व गाव, एवढे चांगल्या ग्रंथांत सापडते. सामान्य ग्रंथांत तेवढेही नाही. विवाहात तांदळात नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरच्या ओठांपुरते उरते. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघी माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. महर्षी कर्वे यांच्या पत्नी माहेरच्या गोदावरी, १८९३ च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई आणि लोकांत बाया. रमाबाईंच्या आठवणी (१९१०), ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून) आणि ‘माझे पुराण’ (१९४४) ही पुस्तके लिहिली गेली म्हणून एका बाईचे दोन-तीन नावांतील आयुष्य सलग वाचावयास मिळते. ज्यांनी पुस्तक लिहिले नाही, त्यांचे काय? मुलगी एका ग्रंथात यमुना म्हणून जन्मते आणि ‘विवाहित’ या शब्दाशी संपते. दुसऱ्या ग्रंथात रमा म्हणून एकाएकी उगवते. दोन मंडळे एकमेकांचे ग्रंथ ताडून पाहत नाहीत, कारण दोघांनाही आपापल्या आडनावापलीकडे जावयाचे नसते. घरातील बोली, ओव्या, नात्यांची संबोधने, स्वयंपाकघरातील शब्द हे सारे एका घरातून दुसऱ्या घरात नेणारी व्यक्ती तीच. आणि नेमका तिचाच मार्ग पुसला गेलेला असतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंध भाषिक प्रदेशांच्या आधारे मांडले. विवाहाने जोडलेल्या गावांचा विचार केल्यावाचून नात्याची परिभाषा उलगडत नाही, हे त्यानंतर तरी मंडळांच्या ध्यानी यावयास हवे होते.

गावाच्या तत्त्वावर पिढ्या जतन करण्याची रीत मराठी मुलखास अपरिचित नाही. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात हेळवी बैलावर बसून आपल्या वाट्याच्या गावांतून फिरत, यजमान कुळांच्या पिढ्या म्हणून दाखवीत आणि धान्य घेत. ज्या शेतकरी कुटुंबांनी कधी छापील कुलवृत्तान्त काढला नाही, त्यांचा वृत्तान्त या लोकांच्या मुखी आणि वह्यांत होता. परदेशातील उदाहरणच हवे असेल, तर इंग्लंडात १९७४ मध्ये संघटित झालेल्या कुटुंबेतिहास संस्थांत काउंटीनिहाय संस्थांचा भरणा मोठा आहे. तेथे आडनाव कोणतेही असो, सदस्य त्याच चर्चच्या नोंदवह्या एकत्र बसून उतरवितात.

आडनावाच्या मंडळांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. छपाईचा खर्च आपुलकीतून निघतो, आणि आपुलकी आडनावाभोवती जमते. गावाच्या मंडळास वर्गणी कोण देणार, ही शंका रास्त आहे. परंतु परिस्थिती बदलते आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गाव नमुना चौदा, शाळांची जुनी रजिस्टरे, मोडीतील महसुली कागद यांना एकाएकी महत्त्व आले. वंशावळ ही आता केवळ अभिमानाची वस्तू राहिलेली नाही. एका अक्षराच्या वाचनावर एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला अवलंबून राहतो. अशा वेळी संपादकाने ‘सुधारलेले’ नाव आणि दप्तरातील नाव यांचा मेळ बसला नाही, तर भोगावे लागते ते त्या कुटुंबास. तालुक्याच्या गावी मोडी वाचणारी चार माणसे एकत्र बसणे ही आता हौस नव्हे, गरज आहे.

अशा मंडळाने ग्रंथ काढण्याची घाई करू नये. दस्त जसा आहे तसा उतरवावा. दुरुस्त रूप द्यावयाचेच असेल तर ते शेजारी, वेगळ्या ठशात द्यावे. प्रत्येक पिढीपुढे ती कागदावरून घेतली की कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहावे. आणि सांगण्यावरून घेतली असल्यास सांगणाऱ्याचे शब्द तसेच ठेवावेत. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीत कुडाळ, महाड येथील बोली १९६० नंतरच्या दशकात नोंदल्या गेल्या. मंडळांचे प्रतिनिधी वृद्ध माणसांना भेटून जन्मसाल आणि दत्तकाची तारीख विचारून परत आले. त्या माणसांचे बोलणे मात्र त्यांच्याबरोबर गेले. छापील पत्रके भरून परत आली, त्यांतील पुष्कळशी घरच्या सुनेने किंवा लेकीने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या लेखनपद्धतीने भरलेली असणार. ग्रंथ छापून झाल्यावर ती बहुधा माळ्यावर जातात आणि पुढे रद्दीत. ज्या मंडळांकडे ती अद्याप शिल्लक असतील, त्यांनी ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे, आडनावानुसार न लावता गावानुसार लावून, सुपूर्द करावीत.