नफा झाला, पण शिकले काय?

पीएचडीसाठी विषय शोधताय? मग हा प्रश्न घ्या. शहरात वाढलेल्या मुलांना भाजी पिकवायला आणि विकायला शिकवलं, असं अहवालात लिहिलेलं असतं. ती शिकली, हे ठरवायचं कसं?

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी 'रावे' असतो. कृषिदूत, कृषिकन्या गावात जाऊन शेतकऱ्यासोबत काम करतात. शिवाय अनुभवाधारित शिक्षणात मुलं स्वतः पीक घेतात, विकतात, हिशेब ठेवतात. 2015 साली सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी'त हे दोन्ही येतं.

मूल्यमापन मात्र बहुतेक वेळा दोनच आकड्यांवर होतं: आधीच्या आणि नंतरच्या चाचणीतले गुण, आणि निव्वळ नफा. दोन्ही कच्चे आहेत. चाचणीत आठवण मोजली जाते. तुलनेला दुसरा गट नसेल, तर वाढलेले गुण प्रकल्पामुळेच वाढले असं म्हणता येत नाही. आणि नफा? जमीन महाविद्यालयाची, विहीर महाविद्यालयाची, गिऱ्हाईक म्हणजे आपलेच सर आणि मॅडम. भाडं, पाणी, मुलांची मजुरी खर्चात धरून बघा, काय उरतं ते.

मीही हेच करत होतो. सिंदेवाही धानाचा पट्टा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथं आहे, म्हणून प्रश्नावली घेऊन इथंच आलो. बाजारात सांबार-मेथी घेऊन बसलेल्या एका मावशींना विचारलं, "जुडीमागे किती सुटतात?" त्या म्हणाल्या, "सांजेला उरली तं तिचं काय धरायचं, बाबू?"

माझ्या तक्त्यात उरलेल्या मालाचा रकानाच नव्हता! विकणं म्हणजे भाव ठरवणं, असं मी गृहीत धरलं होतं. ओली भाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि भाव तीच ठरवते, हे पुस्तकात वाचूनही प्रश्नावलीत आलं नव्हतं.

हा वाद जुनाच आहे. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असा विचार मांडला. प्रा. के. टी. शहांनी तिथंच आक्षेप घेतला. पुढं झाकिर हुसेन समितीनंही बजावलं, की कमाईवर भर देताना शिक्षण मागं पडू नये. शाळेचा माल कारागिराच्या पोटावर येईल, ही शंकाही तेव्हाचीच. आज ती मावशींना लागू पडते. फुकटच्या जमिनीवरची मेथी आपण त्यांच्याशेजारी स्वस्तात विकली, तर आपला 'यशस्वी' प्रकल्प त्यांच्या टोपलीतून निघालेला असतो.

म्हणून आराखडा करताना तीन रकाने वाढवा: न धरलेला खर्च, उरलेला माल, आणि शेजारच्या विक्रेत्यावर झालेला परिणाम. सहा महिन्यांनी मुलांना पुन्हा गाठा. भाव पडल्यावर त्यांनी काय केलं, ते विचारा.

मी जुनी प्रश्नावली रद्द केली. गाईडना सांगायला दोन दिवस धीर झाला नाही. तुम्ही हे काम गोळा करायला जाण्याआधीच करा.